खंडेनवमीचा बेंड पाइप

सकाळचे साडेआठ. बारामतीच्या इंदापूर रस्त्यावरच्या या गॅरेजसमोर गाड्यांची रांग पार डांबरापर्यंत आली आहे. आज खंडेनवमी, उद्या दसरा. आज खरं तर हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं. पण मिस्त्रींचे पाने अजून बोल्टांवरच आहेत. उद्या प्रत्येक गाडीला झेंडूचा हार पडणार आणि हार पडायच्या आत ती शोरूममधून आत्ताच बाहेर काढल्यासारखी दिसायला हवी. "मिस्त्री, चकाचक पायजे बरं का," एवढं सांगून जो तो किल्ली टेबलावर टाकतो.

आम्ही इंदापुरातून आलो आहोत. गाडी माझ्या मित्राची. तो तिकडे शाळेत शिकवतो, त्यामुळे गॅरेजातही त्याला सगळे सरच म्हणतात आणि आता मीही. बुलेट जुनी, कास्ट आयर्न इंजिनची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. पन्नासेक किलोमीटर एका दमात येऊन ती मेन स्टँडवर उभी आहे आणि पोटातून टिक्, टिक् वाजते आहे. तापलेलं लोखंड आकसतं आहे.

सर बेंड पाइपाकडे बोट दाखवतात. हेडमधून निघून खाली वळणारा आणि सायलेन्सरला जाऊन मिळणारा हा पाइप एके काळी क्रोमचा आरसा होता. आता हेडपाशी तो गडद निळा आहे, त्याच्या पुढे जांभळा, मग तपकिरी, आणि वळण संपतं तिथे पिवळट. शिवाय पाण्याचे पांढरे ठिपके, डांबराचे काळे शिंतोडे आणि पावसाळ्यात रेनकोटचा काठ वितळून चिकटलेला एक ओबडधोबड डाग.

"हे निळं घालवा," सर म्हणतात.

मिस्त्री बादलीत बोट बुडवतात आणि एक थेंब पाइपावर उडवतात. चुर्र! थेंब टेकतो न टेकतो तोच नाहीसा.

"चहा घ्या सर. अर्ध्या तासानं बघू."

"अर्धा तास? रांग किती आहे बघा की!"

"रांग असू द्या. गरम पाइपाला मी हात लावत न्हाय, आन् पाणी तर त्याहून न्हाय." ते दुसऱ्या गाडीचा प्लग खोलता खोलता बोलतात. आतलं लोखंड, त्यावरचं निकेल आणि वरचं क्रोम ही तिन्ही एकाच मापानं आकसत नाहीत. अशा पाइपावर गार पाणी पडलं की क्रोमला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी आत शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात आतून गंज बाहेर येतो. वाफ तोंडावर येते ती वेगळीच. रॉकेलचं किंवा पेट्रोलचं फडकं तापल्या पाइपावर फिरवणारे लोकही त्यांनी पाहिलेत. त्यांच्याविषयी ते फक्त मान हलवतात.

चहा येतो. तेवढ्यात एक दूधवाला स्प्लेंडर घेऊन येतो, दोन्ही बाजूंना कॅन, मागे पाच-सहा वर्षांचं पोर. बाप स्टँड लावायच्या आधीच पोर उतरतं, तेही उजव्या बाजूनं, आणि पुढच्या क्षणी गॅरेजभर किंकाळी. पोटरी पाइपाला टेकली आहे.

समोरच्या किराणा दुकानातून एक बाई टूथपेस्टची ट्यूब घेऊन पळत येतात. "आधी हे लावा, गार वाटंल त्याला!" दुसरा कोणी हळद मागतो. मिस्त्री कुणाचं ऐकत नाहीत. पोराला उचलून नळाखाली धरतात, पँट वर करतात आणि धार पोटरीवर सोडतात. बाप म्हणतो, "बास की आता." मिस्त्री म्हणतात, "अजून न्हाय. वीस मिनिटं." दोन मिनिटांनी त्यांचं काम खोळंबतं, तेव्हा बाकावर बसलेले एक काका उठतात आणि पाय धरायचं काम स्वतःकडे घेतात. पांढरा सदरा, खिशात चष्म्याची डबी. वालचंदनगरच्या कारखान्यात अख्खी नोकरी वेल्डिंगवर काढून निवृत्त झालेले. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांच्या बारीक खुणा. "पेस्ट लावली की उष्णता आतच कोंडते," ते त्या बाईंना शांतपणे समजावतात, "आणि मग डॉक्टरला ती खरवडून काढावी लागते, पोर पुन्हा रडतं." बाई ट्यूब पदराखाली घेतात, पण चेहऱ्यावर पटल्याचं दिसत नाही.

70 अंशांच्या धातूला कातडी सेकंदभर टेकली तरी पुरते, आणि नुकतीच थांबलेली गाडी त्याच्या कितीतरी वर असते. या तालुक्यात पोटऱ्या तपासल्या तर निम्म्यांवर तरी सायलेन्सरचा लंबगोल डाग सापडेल असं मला वाटतं. गॅरेजातल्या पोऱ्याच्या पायावर आहे, सरांच्या आहे, माझ्याही आहे. पोराचा हुंदका हळूहळू थांबतो. फोड आलेला नाही, फक्त लालसर पट्टा. बापाला सांगितलं जातं की फोड आला तर फोडायचा नाही, सरळ दवाखाना.

त्या स्प्लेंडरच्या पाइपावरही एक गंमत आहे. कॅनमधून हिंदकळलेलं दूध रोज त्यावर पडून करपलं आहे, थरावर थर, आणि जवळ गेलं की जळक्या खव्याचा वास. "ह्याला खरवडू नका," मिस्त्री दूधवाल्याला बजावतात. "रात्री गाडी गार झाली की साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा. सकाळी आपसूक सुटंल. सुटलं न्हाय तर परत गुंडाळा." दूधवाल्याला काही विकत घ्यावं लागत नाही, याचा त्याला आनंद कमी आणि संशय जास्त.

आता इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी पुढे येतो. त्याच्या गाडीला बाहेरून बसवलेला स्टेनलेसचा पाइप आहे. मागचा सायलेन्सर कंपनीचाच ठेवलाय, हे तो न विचारता सांगतो. फटफट आवाज काढणाऱ्या सायलेन्सरांवर राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी रोड रोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. त्याचा पाइप सोनेरी-निळा झालाय आणि त्याला तो पांढराशुभ्र करायचा आहे. सॅकमधून तो प्लॅस्टिकची एक बाटली काढतो. ऑनलाइन मागवलेली पिकलिंग पेस्ट. व्हिडिओत एक जण ब्रशनं लावतो, पाण्यानं धुतो आणि पाइप नवा.

पोराचा पाय नळाखाली धरलेले काका तिथूनच ओरडतात, "ए बाळ, झाकण उघडू नको."

मग पाय बापाच्या हाती देऊन ते येतात. बाटली हातात न घेता, वाकून, चष्मा लावून लेबल वाचतात. नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक. "हे आमच्याकडे रोज वापरायचे. वेल्डिंगनंतर स्टेनलेसवर असाच रंग येतो, तो काढावाच लागतो, नाहीतर त्या जागी गंज धरतो. पण वापरणारा माणूस कसा असायचा? तोंडावर पूर्ण शील्ड, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, ॲप्रन, वारा खेळता, आणि शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल. का? तर हे ॲसिड कातडीवर पडलं की लगेच चटका बसत नाही. माणसाला वाटतं, काही झालं नाही. तोवर ते आत उतरतं आणि रक्तातलं, हाडातलं कॅल्शियम धरतं. जास्त जागेवर पडलं तर हृदय बंद पडतं."

विद्यार्थी बाटली टेबलावर ठेवतो. मग, जरा वेळानं, टेबलावरून उचलून खाली फरशीवर, भिंतीच्या कडेला.

काका मात्र आता रंगात आले आहेत. रंग दाखवत ते त्याला पाइप वाचायला शिकवतात. हवेत तापलेल्या स्टेनलेसवर साधारण 290 अंशांला फिकट पिवळा येतो, 420 च्या आसपास जांभळट तपकिरी, 540 च्या मागेपुढे निळा. हा मळ नव्हे. धातूवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, वरच्या पृष्ठावरून आणि तळावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर दिसतात ते रंग याच कारणाने. "म्हणजे साबणानं जाणार नाही," विद्यार्थी म्हणतो. "साबणानं मळ जाईल. रंगाला घासावंच लागेल. आणि घासलास तरी उद्या गाडी तापली की पुन्हा येईल. एवढा चांगला सोनेरी आलाय, तो ठेव की!" कॉलेजच्या पोरांत हा निळा-सोनेरी रंग मुद्दाम मिरवणारेही आहेत, हे काकांना माहीत नसावं. विद्यार्थ्याला आहे. तो पाइपाकडे नव्या नजरेनं बघायला लागतो.

"ॲसिडचं घेऊन बसलायसा तर ते बघा," मिस्त्री भिंतीकडे हात करतात. खिळ्याला एक बेंड पाइप टांगलेला आहे. कोणीतरी संडास साफ करायचं ॲसिड ओतून तो चमकवला होता. दोन दिवस चमकला. आता क्रोमचे पोपडे सुटलेत आणि खालून तांबूस भगदाडं. शोभेचं क्रोम मायक्रॉनच्याही अंशाइतकं जाड असतं, खरा आधार खालच्या निकेलचा. त्या ॲसिडला, म्हणजे हायड्रोक्लोरिकला, क्रोम खायला वेळ लागत नाही, आणि स्टेनलेसला ते सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं. तेच ॲसिड ब्लिचिंगच्या पाण्यात मिसळलं तर क्लोरीन सुटतो, आणि वॉशिंग सेंटरच्या मोरीत दोन्ही डबे शेजारी-शेजारी असतात. मिस्त्रींनी तो पाइप विकला नाही, भंगारातही दिला नाही. गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा भिंत दाखवणं त्यांना सोपं जातं.

थेंब आता पाइपावर पडतो आणि नुसता ओघळतो. बुलेटची पाळी.

पोऱ्या बादली घेऊन बोअरच्या नळाकडे निघतो, तेव्हा मिस्त्री त्याला पिंपाकडे पिटाळतात. पत्र्यावरून पडलेलं पावसाचं पाणी त्यात साठवलेलं आहे. इकडचं बोअरचं पाणी खारट. 1880 च्या दशकात नीरा डावा कालवा आला, माळरानाचा ऊस झाला, पण वर्षानुवर्षं पाटपाण्यानं काळ्या रानांत क्षार वर आले. बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात क्षारपड जमीन कोणाला नवी नाही. त्याच पाण्यानं गाडी धुतली आणि उन्हात वाळू दिली की पाइपावर पांढरे ठिपके उमटतात, आणि गाडी तापली की ते भाजून पक्के होतात. सरांच्या पाइपावरचे निम्मे डाग हेच आहेत.

आधी साबण, मऊ फडकं, पुन्हा पाणी, कोरडं करणं. मिस्त्री हातमोजे चढवतात, डोळ्यांना गॉगल. वितळलेल्या रेनकोटवर लाकडी पट्टीची कड लावून तो हळूच उचकटतात. राहिलेल्या चिकट अंशाला नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस. त्याआधी पोऱ्याला उदबत्ती विझवायला लावतात; गणपतीच्या फोटोपुढे ती आत्ताच लावलेली होती. बारीक गंजाच्या ठिपक्यांवर पाण्यात बुडवलेला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा न पडता गंज सुटतो. तारेचा काथ्या आणि वायर ब्रश मात्र ते क्रोमजवळ येऊ देत नाहीत. पोऱ्याला ड्रिल मशीनला वायर ब्रश लावायची फार हौस आहे. एकदा त्यातली एक तार सुटून मिस्त्रींच्या गॉगलच्या काचेत रुतली होती. ती काच अजून ड्रॉवरमध्ये आहे, आणि हौस उफाळली की बाहेर निघते.

मग मेटल पॉलिश. सुती फडक्यावर वाटाण्याएवढं. एका वेळी चार बोटं जागा, गोल गोल. फडकं काळं होतं, निळा विरळ होतो, जांभळा जातो, पिवळा तर लगेच. सर वाकून वाकून पाहतात. पण हेडजवळच्या दोन बोटं जागेत तपकिरी-निळं काही हलत नाही. सर म्हणतात, "जरा जोर लावा."

"जोर लावला तर क्रोमच जाईल. हे खालच्या निकेलपातुर गेलंय, सर. आन् मी आत्ता काढलं तरी तुम्ही इंदापूर गाठस्तवर परत येईल." मिस्त्री फडकं खाली टाकतात. "निळं का पडलं ते बघू आधी."

इथे माझी उत्सुकता जागी होते, कारण आतापर्यंत रांगेतल्या एकाही माणसाने हा प्रश्न विचारलेला नाही.

प्लग बाहेर येतो. टोक पांढरंफटक. कॉफीच्या रंगाचं हवं. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आग जास्त गरम. बाकावरून आवाज येतात: "आता पेट्रोलमधी इथेनॉल घालत्यात ना, त्यानं हुतंय!" यावर मात्र सगळ्यांना बोलायचं असतं. ऊस इथला, साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या इथल्या, आणि 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता पंपावर सर्रास. इथेनॉलच्या वजनाचा तिसरा हिस्सा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून मिश्रण थोडं पातळ होतं. नव्या इंजेक्शनच्या गाडीला पाइपावरच्या ऑक्सिजन सेन्सरकडून ते कळतं. जुन्या कार्बुरेटरला कळायला काही साधन नाही. हे खरं. पण हल्ली चेन सैल झाली तरी लोक इथेनॉललाच नाव ठेवतात, आणि मिस्त्री एवढ्यावर थांबणारे नाहीत.

बुलेट बाहेर मोकळ्या जागेत ढकलली जाते. शटरच्या आत इंजिन चालू ठेवायचं नाही, हा इथला नियम. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी सुरू होते, धक् धक् धक्. मिस्त्री कार्बुरेटर आणि हेडच्या मधल्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडतात. ठोका बदलतो, खाली बसतो, पुन्हा वर येतो. मिस्त्री हसतात. जोडाच्या रबराला चीर आहे, तिथून चोरटी हवा आत जाते. पाण्यानं क्षणभर चीर बुजली म्हणून ठोका बदलला. रबर बदललं जातं. मग डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जागेवर आणतात आणि पॉइंट उघडताना ॲमीटरची सुई कधी मागे येते ते बघून टायमिंग. तेही थोडं मागे पडलेलं. उशिरा पेटलेला चार्ज जळता जळताच पाइपात शिरतो. बेंड पाइपाच्या गॅस्केटला काजळीची रेघ आहे, म्हणजे गळती, तीही नवी. या सगळ्याला पॉलिशपेक्षा तिप्पट वेळ लागतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यातलं काहीही दिसणार नाही.

शेवटी कापसाला स्पिरिट लावून पाइप पुसतात. "आता हात लावू नका. बोटाचा तेलकट ठसा राहिला की गाडी तापल्यावर छापा उठतोय कायमचा." सर हात मागे बांधून उभे राहतात. वर्गात उभं केलेल्या मुलांना ते कसे दिसत असतील, याचा मला अंदाज येतो. स्पिरिट पूर्ण उडेपर्यंत थांबायचं, मगच किक.

दुपारी आम्ही परत निघतो. पालखी मार्गावर उन्हाचा ताव आहे. काटेवाडी, जिथे आषाढात तुकोबांच्या पालखीसाठी परीट धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे. दोन्ही बाजूंना ऊस तोडणीला आलेला. जंक्शन नावाच्या गावाला चहासाठी थांबतो तेव्हा सर गाडी सावलीत लावतात आणि उकिडवे बसून पाइप बघतात. हेडजवळ पिवळट झाक आली आहे, निळा नाही. ते पुन्हा पुन्हा बघतात. निमगाव केतकीला त्यांना थांबायचं काही कारण नसतं, तरी थांबतात.

इंदापुरात शिरताना वॉशिंग सेंटरवर झुंबड. सरांना फक्त चाकांचा चिखल काढायचा आहे, पण गाडी गार होईपर्यंत ते पाइपाची राखण करत उभे राहतात. शेजारी सोलापूर हायवेवरून आलेली एक नवी गाडी थांबते आणि पोरगं थेट प्रेशर गन तिच्या पाइपावर धरतं. फस्स! पांढरा ढग, टण् असा आवाज, पोरगं डोळे मिटून मागे सरकतं. सर सरसावतात. क्रोम, निकेल, तडे, पांढरे ठिपके, सगळं एका दमात. गाडीवाला शेवटपर्यंत ऐकून घेतो.

"गुरुजी, उद्या दसराय," तो म्हणतो. "तडे परवा बघू."

घरी सरांच्या आईंनी तबक तयार ठेवलं आहे. हळद, कुंकू, अक्षता, नारळ. सर बूट काढायच्या आधीच सुरू होतात: पाइपाला कुंकू नाही, हळद नाही, नारळ गाडीपुढे फोडायचा तर पाणी इंजिनावर उडता कामा नये, गोड पाणी करपून डाग पडतो, हार हँडलला, लोंबता नको, आणि पूजा गाडी गार असतानाच.

"मग उद्या सकाळी गाडी चालू करू नको म्हणजे झालं," आई म्हणतात.

"सकाळी दूध आणायचं असतं ना."

"चालत जा."